गिटारवर गाणे बांधताना : स्वरशास्त्र किती आणि कोणते?

प्रतिनिधी

महाविद्यालयाच्या कट्ट्यावर गिटार घेऊन बसलेला तरुण हे दृश्य मराठी शहरांना आता नवे राहिलेले नाही. दोन-तीन महिन्यांत चार-पाच कॉर्ड बोटांत बसतात, ओळखीची गाणी वाजू लागतात आणि मग एखाद्या संध्याकाळी स्वतःचे काही रचावे असे वाटू लागते. अडचण तेथूनच सुरू होते. पहिले गाणे होते, दुसरेही होते. तिसरे मात्र पहिल्यासारखेच ऐकू येते. बोटे ज्या वाटेने जायला शिकलेली असतात, त्याच वाटेने चालही जाते. अशा वेळी कोणी 'थिअरी शीक' असा सल्ला देतो, तर कोणी 'थिअरीने उत्स्फूर्तता मरते' असे बजावतो. या दोन सल्ल्यांच्या मध्ये सापडून गिटार खुंटीला टांगणारेही कमी नाहीत.

शास्त्र न शिकता थोर गाणी रचणाऱ्यांचे उदाहरण म्हणून बीटल्सचे नाव नेहमी पुढे केले जाते. पॉल मॅकार्टनी आणि जॉन लेनन यांना स्टाफ नोटेशन वाचता येत नव्हते, हे खरेच आहे. परंतु याच मॅकार्टनीने एक आठवण अनेकदा सांगितली आहे. 'बी सेव्हन' ही कॉर्ड येणारा कोणी माणूस लिव्हरपूलच्या दुसऱ्या टोकाला राहतो असे कळल्यावर ही मुले बस पकडून त्याच्याकडे गेली होती. 'ई' आणि 'ए' या कॉर्ड त्यांना येत होत्या. 'ई'च्या पट्टीतील पाचवी कॉर्ड तेवढी अडली होती. नोटेशन वाचता न येणे आणि स्वरांचे नाते न कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय जॉर्ज मार्टिन यांच्यासारखा लंडनच्या गिल्डहॉल संस्थेत रीतसर शिकलेला निर्माता त्यांच्या पाठीशी होता, हेही विसरून चालणार नाही.

बारा पडद्यांचे गणित

गिटारचा प्रत्येक पडदा, म्हणजे फ्रेट, अर्ध्या स्वराने वर नेतो. बाराव्या पडद्यावर सप्तक पूर्ण होते. हा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, कारण तारेची लांबी निम्मी झाली की कंपनसंख्या दुप्पट होते. पाचवी तार मोकळी असताना सेकंदाला ११० कंपने देते, बाराव्या पडद्यावर २२०. मधल्या प्रत्येक पायरीला कंपनसंख्येला सुमारे १.०५९५ ने गुणावे लागते. पडदे कोठे बसवावेत याचा व्यवहारी नियम इटलीतील ल्यूटवादक व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ साली ग्रथित केला होता. उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडायचा आणि पुढचा पडदा बसवायचा, असा तो नियम. दुर्बिणीमुळे प्रसिद्धी पावलेल्या गॅलिलिओचे हे वडील.

पेटी शिकलेल्या वाचकाला हे बारा स्वर नवे नाहीत. पांढरी एक म्हणजे 'सी', काळी एक म्हणजे 'सी शार्प', पांढरी दोन म्हणजे 'डी' असे मोजत गेले की सर्व नावे जुळतात. पांढरी सहा म्हणजे 'ए', काळी चार म्हणजे 'जी शार्प', काळी पाच म्हणजे 'ए शार्प'. गिटारच्या सहा तारा जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. शेजारच्या दोन तारांत पाच अर्धस्वरांचे अंतर असते. अपवाद फक्त 'जी' आणि 'बी' यांचा. तेथे ते चारच असते. नवशिक्याच्या बहुतेक गोंधळांचे मूळ या एका अपवादात सापडते.

तानपुऱ्यावर कान तयार झालेल्याला मात्र गिटारचा गांधार खटकतो, आणि तो भ्रम नव्हे. षड्जाशी ५:४ या प्रमाणात असलेला नैसर्गिक गांधार समान अंतराच्या पडद्यांवर मिळत नाही. अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले तर पडद्यावरचा गांधार सुमारे चौदा भागांनी चढा असतो. म्हणूनच 'ई' कॉर्ड कानाला गोड लागेपर्यंत एखादी तार खाली उतरवली की 'सी' कॉर्ड बिघडते. हा दोष वाद्याचा नाही की वादकाचाही नाही. कोणत्याही स्वरावरून कॉर्ड उभी करता यावी यासाठी दिलेली ती किंमत आहे.

बिलावल थाट आणि सात कॉर्ड

आता मुख्य मुद्दा. मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल थाट. अर्धस्वरांत मोजल्यास त्याच्या पायऱ्या दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक अशा पडतात. या सात स्वरांपैकी प्रत्येकावर एक सोडून एक असे तीन स्वर रचले की सात कॉर्ड तयार होतात. सा-ग-प ही पहिली, रे-म-ध ही दुसरी, याप्रमाणे. त्यांतील पहिली, चौथी आणि पाचवी मेजर, दुसरी, तिसरी आणि सहावी मायनर, तर सातवी डिमिनिश्ड येते. 'सी'च्या पट्टीत ही मालिका सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी, ए मायनर आणि बी डिमिनिश्ड अशी होते. 'जी'च्या पट्टीत जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी, ई मायनर आणि एफ शार्प डिमिनिश्ड.

कॉर्डला अक्षराने न ओळखता क्रमांकाने ओळखण्याची सवय लागली की अर्धे काम होते. अमेरिकेत नॅशव्हिल येथील स्टुडिओंत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'जॉर्डनेअर्स' या गायकवृंदातील नील मॅथ्यूज यांनी अशी अंकपद्धती वापरात आणली. गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही, हे तिचे इंगित. सरगम शिकलेल्या मराठी मुलाला यात नवल वाटू नये. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीतही 'सा' कोणत्याही पट्टीतला असू शकतो. सापेक्ष स्वरांत विचार करण्याची ही सवय पाश्चात्य देशांतील अनेक गिटारवादकांना मुद्दाम लावून घ्यावी लागते. आपल्याकडे ती गायनाच्या पहिल्या धड्यातच लागते. गिटारच्या वर्गात गेल्यावर ती कालबाह्य म्हणून बाजूला ठेवण्याची गरज नाही.

या सात कॉर्डचे स्वभाव असतात. पहिली म्हणजे घर. पाचवी घराकडे ओढणारी. तिला सातवा स्वर जोडला, म्हणजे 'जी'ची 'जी सेव्हन' केली, की ओढ आणखी वाढते. याचे कारण मोजता येते. 'जी सेव्हन'मध्ये 'बी' आणि 'एफ' हे सहा अर्धस्वर अंतरावरचे दोन अस्वस्थ स्वर एकत्र वाजतात. त्यांतील 'बी' एक पायरी वर सरकून 'सी' होतो, 'एफ' एक पायरी खाली येऊन 'ई' होतो आणि 'सी' कॉर्ड मिळते. चौथी कॉर्ड घराबाहेर नेते, पण ताण देत नाही. सहावी ही पहिलीची धाकटी बहीण म्हणावी अशी; दोघींचे दोन स्वर सामाईक असल्याने चाल न बदलता केवळ छाया बदलते.

चाल आधी सुचली असेल तर येथेच शास्त्राचा खरा उपयोग होतो. थाटातील कोणताही स्वर त्या सातांपैकी तीन कॉर्डमध्ये असतो. चाल षड्जावर विसावली असेल तर खाली 'सी' ठेवता येते, 'एफ' ठेवता येते किंवा 'ए मायनर'. 'सी'ने ओळ संपल्यासारखी वाटते, 'एफ'ने पुढे काही सांगायचे उरले आहे असे वाटते, 'ए मायनर'ने त्याच शब्दांवर सावली पडते. तीन पर्याय वाजवून पाहायचे आणि शब्दांना कोणता मानवतो ते कानाने ठरवायचे. शास्त्र पर्याय पुढे ठेवते; निवड करण्याचे काम ते करत नाही. उत्स्फूर्तता मरण्याची भीती बाळगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

चौकटीबाहेरचे पाऊल

सात कॉर्डच्या चौकटीत राहूनही शेकडो गाणी होतात. तथापि मनात घर करणारे गाणे पुष्कळदा एका ठिकाणी चौकट ओलांडते. बीटल्सचे १९६५ मधील 'येस्टरडे' हे त्याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण. गाणे 'एफ'च्या पट्टीत आहे. पहिल्या कॉर्डनंतर लगेच 'ई मायनर सेव्हन' आणि 'ए सेव्हन' येतात, आणि त्यांतील शुद्ध 'बी' व 'सी शार्प' हे स्वर 'एफ'च्या थाटात नाहीतच. त्या दोन कॉर्ड 'डी मायनर'कडे, म्हणजे मूळ पट्टीतील सहाव्या कॉर्डकडे नेतात. घरून निघून दोन पावलांत परक्या अंगणात आणि तेथून ओळखीच्या, पण उदास खोलीत, असा तो प्रवास आहे. कडवेही आठ आवर्तांऐवजी सातच आवर्तांचे आहे, तरी ऐकताना काही तुटल्यासारखे वाटत नाही. मॅकार्टनीने गिटार एक पूर्ण स्वर खाली लावली होती आणि बोटे 'जी'च्या पट्टीतील आकारांवर ठेवून हे गाणे वाजवले होते. चाल सुचली तेव्हा शब्द नव्हते, म्हणून 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' असे भरताड शब्द घालून ती जपून ठेवली गेली. आपल्याकडील चित्रपटसंगीतात चालीवर डमी शब्द बसवून ती गीतकाराच्या हाती देतात, तसाच हा प्रकार.

चौकट ओलांडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चौथी कॉर्ड मेजरऐवजी मायनर करणे. 'सी'च्या पट्टीत 'एफ'नंतर 'एफ मायनर' वाजवून 'सी'वर यावे. बदलतो तो एकच स्वर. धैवत कोमल होतो. त्या क्षणापुरते आपण नटभैरव रागाच्या स्वरांत असतो. पाश्चात्य ग्रंथांत याला उसनी घेतलेली कॉर्ड म्हणतात.

रागाला कॉर्ड लावताना

मराठी गीत रचणाऱ्याच्या कानात राग असतात, मग त्याने ते शिकलेले असोत वा नसोत. भूप हा त्यांतील सर्वांत सोपा समजला जातो आणि तेथेच पहिली ठेच लागते. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत. 'सी'च्या पट्टीतील 'एफ' कॉर्ड मध्यम घेऊन येते, 'जी' कॉर्ड निषाद. गायक भूप गात राहतो आणि गिटार त्याला बिलावलात ओढते. भूपाच्या पाच स्वरांत पूर्ण बसणाऱ्या तिहेरी कॉर्ड दोनच आहेत : 'सी' आणि 'ए मायनर'. यावर उपाय म्हणजे गांधाराची जागा रिकामी ठेवणाऱ्या सस्पेंडेड कॉर्ड. सी-डी-जी, डी-जी-ए, जी-सी-डी आणि ए-डी-ई ही चारही त्रिकुटे भूपाबाहेर जात नाहीत. एवढ्या सामग्रीवर एक संपूर्ण गाणे उभे राहते आणि ते परके वाटत नाही.

यमनची गंमत वेगळी. 'सी' हा षड्ज धरला तर कल्याण थाटाचे सात स्वर आणि 'जी' मेजरचे सात स्वर एकच असतात. म्हणून 'जी' आणि 'डी' या कॉर्ड सढळ हाताने वापरल्या की कान 'जी'लाच घर मानू लागतो, यमन विरघळून जातो आणि गायकाला आपले काय चुकते ते कळत नाही. 'सी' हा स्वर खर्जात सतत वाजता ठेवला तर 'डी' कॉर्डमधील तीव्र मध्यम हवा तसा झळाळतो. भैरवीसाठी गिटारची रचना जणू अनुकूलच आहे. जाड 'ई' तार मोकळी सोडून तिला षड्ज मानावे. 'सी' मेजरचेच स्वर मग भैरवी थाटाचे होतात, आणि 'ई मायनर'वरून 'एफ'वर जाताना कोमल ऋषभ आपोआप बोलतो. त्याच 'ई'वर मायनरऐवजी मेजर कॉर्ड धरली आणि 'एफ'शी तिची जोडी लावली, तर या दोन कॉर्डचे सगळे स्वर भैरव थाटात बसतात. स्पॅनिश गिटारच्या वळणाचीही येथे आठवण होते.

मायनर म्हणजे दुःख, हे समीकरणही सावधपणे घ्यावे. काफी थाटात गांधार आणि निषाद कोमल असतात, तरी होरीची उल्हसित गीते याच अंगाने गायली जातात. 'ए मायनर'च्या सोबतीला 'डी मायनर' दिली तर आसावरीचा कोमल धैवत येतो. 'डी' मेजर दिली तर काफीचा शुद्ध धैवत. एका बोटाचा फरक, पण गाण्याचा स्वभाव पालटतो.

राग आणि हार्मनी यांचा हा मिलाफ आपल्याकडे नवा नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्टाफ नोटेशन शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात तो दशकानुदशके घडवला. शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यमेळ रचणारे सेबॅस्टियन डिसोझा, किंवा संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनगुरू अँथनी गोन्साल्विस यांची नावे या संदर्भात आदराने घेतली जातात. श्रेयनामावलीत मात्र त्यांच्या वाट्याला फारसे काही आले नाही.

शब्दांचे वजन

इंग्रजी गीतलेखनाच्या पुस्तकांत आघातयुक्त अक्षर तालाच्या जोरावर पडावे असे सांगितलेले असते. मराठीला हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. आपले पद्य लघु-गुरूंवर चालते. लघु अक्षर लांब स्वरावर ताणले की शब्द ओळखू येईनासा होतो, आणि नव्या मराठी बँडच्या गाण्यांतील शब्द कळत नाहीत या तक्रारीचे एक कारण येथे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पादाकुलकाची आठ-आठ मात्रांची ओळ चार मात्रांच्या पाश्चात्य ठेक्यात किंवा केरव्यात सहज बसते. भुजंगप्रयाताचे लघु-गुरु-गुरु हे पाच मात्रांचे गण मात्र त्या ठेक्यात अडखळतात. माधवराव पटवर्धन यांचा 'छंदोरचना' हा ग्रंथ गिटारवाल्यांच्या हाती क्वचितच दिसतो; दिसायला हवा.

रचनेतही भेद आहे. पाश्चात्य गाणे बहुधा कडव्याने सुरू होऊन नंतर ध्रुवपदाकडे चढते. आपले गाणे मुखड्याने सुरू होते, अंतऱ्यात तार षड्जाकडे जाते आणि पुन्हा मुखड्यावर येते. त्यामुळे अंतरा पहिल्या कॉर्डवर सुरू करण्याऐवजी चौथ्या किंवा सहाव्या कॉर्डवर सुरू केला तर घरी परतण्याला अर्थ येतो.

क्रम आणि खर्च

शिकण्याचा क्रम काय ठेवावा? आधी जाड तारेवरील पहिल्या बारा पडद्यांची नावे पाठ असावीत. मग स्वरांतरे गाऊन ओळखावीत. वाजवून नव्हे, गाऊन. त्यानंतर जी, सी आणि डी या तीन पट्ट्यांतील कॉर्ड क्रमांकाने पाठ कराव्यात. 'एफ' कॉर्डची बार, म्हणजे तर्जनीने सहाही तारा दाबणे, हा टप्पा अनेकांना गिटार सोडायला लावतो. परंतु तो पार केला की तोच आकार सरकवून बाराही मेजर कॉर्ड मिळतात, म्हणून तेथे दोन महिने गेले तरी ते वाया जात नाहीत. तोपर्यंत कॅपो हाताशी असतोच. गायिकेला काळी चार हवी असेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो लावून 'जी'चे आकार वाजवावेत; काळी पाच हवी असेल तर तिसऱ्या पडद्यावर.

ट्रिनिटी कॉलेज लंडन यांसारख्या संस्थांच्या श्रेणी परीक्षा भारतातील अनेक शहरांत देता येतात. शिस्त लागण्यासाठी आणि पुढे संगीत शिकवायचे असल्यास त्या उपयुक्त आहेत. केवळ गाणी रचायची असतील तर आठही श्रेणींची फी भरण्याची आवश्यकता नाही. आवडत्या दहा गाण्यांच्या कॉर्ड कानाने शोधून क्रमांकांत लिहून काढणे हा बिनखर्ची अभ्यास कोणत्याही श्रेणीइतका कस लावणारा आहे. इंग्रजी वाचणाऱ्यांना रिकी रूक्सबी यांचे गिटारवरील गीतरचनेचे पुस्तक त्यासाठी चांगले सोबती ठरेल.

कॉर्ड कोणाच्या मालकीच्या?

नव्या रचनाकाराला शेवटी एक भीती उरते. आपल्या कॉर्ड दुसऱ्याच्या गाण्याशी जुळल्या तर? अमेरिकेत एड शीरन याच्यावर नेमका असा खटला झाला. त्याचे २०१४ चे 'थिंकिंग आउट लाउड' हे गाणे मार्विन गे याच्या १९७३ च्या 'लेट्स गेट इट ऑन' वरून उचलल्याचा दावा त्या गाण्याचे सहलेखक एड टाउनसेंड यांच्या वारसांनी केला होता. साक्षीच्या पिंजऱ्यात शीरनने गिटार वाजवून दाखवली. वादातील क्रम पहिली, तिसरी, चौथी, पाचवी असा होता, आणि हा क्रम दोन्ही गाण्यांच्या आधीपासून असंख्य गाण्यांत वापरला गेल्याचे बचाव पक्षाने मांडले. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयातील ज्यूरीने त्याच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्या एका दाव्यात तेथील अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हीच भूमिका कायम ठेवली. आपल्या कॉर्डचा क्रम कोणता, तो किती जुना आणि आपण त्यावर स्वतःचे काय रचले, हे ज्याला सांगता येते तो अशा प्रसंगी गांगरत नाही.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाण्याचे शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती, अशा दोन स्वतंत्र कृती मानल्या जातात. दोन्हींचे संरक्षण रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनातील हक्क वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज इतर कोणाला लिहून देता येत नाही. मित्राच्या शब्दांना चाल लावली असेल तर शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि ती कोणत्या तारखेला झाली, हे पहिल्या ध्वनिमुद्रणापूर्वीच दोघांनी कागदावर लिहून सही करून ठेवावे.